रमाबाई गेल्या

आकांक्षा अकोल्याहून अमरावतीला परत आली ती बॅगसुद्धा घरात न ठेवता आधी रमाबाईंच्या दारात उभी राहिली. धाकट्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला ती माहेरी गेली होती. हातात मोबाइल, आणि चेहऱ्यावर हसावं की नाही असा भाव.

“मावशी, अकोल्यात तुमच्याच नावाची आणखी कोणी बाई होती का हो?”

रमाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. एकट्या माणसाला एक जुडी पुष्कळ दिवस पुरते, पण त्या पानं अगदी सावकाश खुडायच्या. काम लवकर आटोपलं की पुढची दुपार अंगावर यायची. त्यांनी चष्मा वर सरकवला.

“असनारे? आमचं एकच घर होतं तिथं. का गं?”

आकांक्षानं फोटो मोठा करून त्यांच्यापुढे धरला. काळ्या दगडाची पाटी होती, त्यावर सोनेरी अक्षरं. ‘कै. रमा विनायक असनारे. १९४२ ते २०११. अकोला टेलिफोन केंद्रातील पहिल्या महिला ऑपरेटर. या शहराचा आवाज त्यांनी दूरदूर पोहोचवला.’ खाली मंडळाचं नाव, ‘शहर आठवण मंडळ’, आणि आठ महिन्यांपूर्वीची तारीख.

रमाबाईंनी ती एकदा वाचली, मग पुन्हा वाचली.

“ही मीच,” त्या म्हणाल्या.

“पण मावशी, इथं कैलासवासी लिहिलंय!”

“हो, दिसलं मला.”

आकांक्षाला हसू फुटलं. “तुमचं आयुष्य वाढलं बघा,” असं काहीतरी ती म्हणाली. पण रमाबाई हसत नाहीत हे पाहून तिनं फोन खाली घेतला, आणि लेकराला शाळेतून आणायचंय म्हणत जिना चढून वर गेली. ती आणि तिचा नवरा वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत. घर रमाबाईंच्या भावाचं. भाऊ वारला, भाचा ईशान हैदराबादला नोकरीला. तो दर रविवारी फोन करायचा, गोळ्या घेतल्या का विचारायचा, आणि आत्याच्या उत्तराआधीच त्याच्याकडे कुणीतरी त्याला हाक मारायचं.

त्या दिवशी रमाबाईंची मेथी निवडून झाली तरी त्या तशाच बसून राहिल्या.

मेल्याचं लिहिलं याचा त्यांना राग आला नव्हता. चुका होतात. टेलिफोनच्या बोर्डावर बसून त्यांनीही कुणाचा फोन कुणाला जोडून दिला होता. त्यांना लागलं ते वेगळंच. पाटी लागून आठ महिने झाले होते. ज्या शहरात त्यांचा जन्म गेला, तिथं येता-जाता एवढ्या लोकांनी ती वाचली असेल, आणि एकालाही वाटलं नव्हतं की अरे, ही बाई तर आहे!

विसाव्या वर्षी त्या टेलिफोन केंद्रात लागल्या, तेव्हा गल्लीतल्या बायका त्यांच्या आईला म्हणाल्या होत्या, पोरगी दिवसभर परक्या पुरुषांशी बोलणार म्हणता? वडील वकील होते. ते म्हणाले, “बोलू दे. दिसणार तर नाही ना कुणाला.” आणि झालंही तसंच. पुढं कितीतरी वर्षं सारं अकोला त्यांना ऐकत होतं आणि कुणी त्यांना पाहत नव्हतं. सरकीच्या बाजारातले व्यापारी त्यांच्या नुसत्या ‘हॅलो’वरून ओळखायचे, “बाई, मुंबई द्या जरा लवकर,” म्हणून अजीजी करायचे, आणि तेच व्यापारी संध्याकाळी रस्त्यात त्यांच्या बाजूनं सरळ निघून जायचे. एकदा एक स्थळ पाहायला आलं. मुलानं यांचं नाव विचारलं, यांनी सांगितलं, आणि तो दचकून म्हणाला, “फोनवर मध्येच, तीन मिनिटं झाली, असं म्हणणाऱ्या तुम्हीच का?” त्याचा नकार आला. पुढं स्थळं येणं थांबलं, आणि त्यांनीही कुणाला त्याबद्दल विचारलं नाही.

चार-पाच दिवस त्यांनी आकांक्षाकडे तो विषय काढला नाही. मग एका सकाळी कुलूप लावून, पिशवीत पाण्याची बाटली आणि दोन पोळ्या घेऊन त्या अकोल्याच्या एसटीत बसल्या.

*

अकोला बसस्टँडवर उतरल्यावर त्यांना ऑटोवाल्याला काय सांगावं कळेना. “जुनं टेलिफोन ऑफिस,” असं त्या म्हणाल्या. ऑटोवाला तरुण होता. “बीएसएनएल का, आजी?” त्यानं विचारलं. नाही, त्याच्याही आधीचं. शेवटी त्यांनी रस्ता सांगत सांगत, इथं डावीकडे, आता सरळ, असं करत त्याला नेलं. हे काम त्यांना येत होतं.

इमारत उभी होती, पण खालच्या मजल्यावर दुकानं झाली होती. वर, जिथं बोर्ड होता, ज्या खिडकीतून त्यांना कडुलिंबाचं झाड दिसायचं, तिथं आता दातांच्या डॉक्टरचा फलक होता. झाड नव्हतं. पाटी फुटपाथच्या कडेला, सिमेंटच्या छोट्या खांबावर बसवलेली होती. एका पोरानं त्या खांबाला दोरी बांधून मोबाइलची कव्हरं टांगली होती. गुलाबी, चकचकीत, सशाच्या कानांची. त्यांच्या आडून ‘कै. रमा वि’ एवढंच दिसत होतं.

रमाबाईंनी दोन कव्हरं हातानं बाजूला केली.

“कोनतं मॉडेल हाय, आजी?” पोरानं विचारलं.

“मला कव्हर नको. ही पाटी पाहतेय. कोण होत्या रे ह्या?”

पोरानं पाटीकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू ती आजच इथं आली. “काय मालूम. कोनी फोनवाली बाई होती म्हनते. मेली आता.”

“कधी?”

“लिवलं असंन ना तिथी.”

रमाबाई तिथं बराच वेळ उभ्या राहिल्या. लोक येत होते, जात होते. कॉलेजच्या दोन पोरी खांबाला टेकून कुणाशी तरी व्हिडिओवर बोलत होत्या. एक माणूस थांबला, तेव्हा यांना वाटलं वाचतोय. तर तो बुटाची नाडी बांधून पुढं गेला. कुणीतरी येईल, पाटी वाचेल, मग आपल्याकडे पाहील, असं त्यांना का वाटत होतं कोण जाणे. पाटीवर फोटोही नव्हता. आणि फोटो असता तरी तो कुणी ओळखला असता?

“हे मंडळवाले कुठं भेटतील?” त्यांनी शेवटी विचारलं.

“नितेशभाऊचं काम हाय ते. थे काय, फ्लेक्सचं दुकान.”

*

नितेश चाळिशीतला, भरल्या अंगाचा, बोलका माणूस होता. दुकानात वाढदिवसाचे फ्लेक्स छापून निघत होते. रमाबाईंना त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि “बोला आजी, काय छापाचं?” असं विचारलं.

“छापायचं नाही. छापलेलं दुरुस्त करायचं आहे. मी रमा असनारे.”

“कोनत्या…” म्हणता म्हणता तो थांबला. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग मशीनवरच्या पोराला मशीन बंद करायला सांगितलं. तो उठून उभा राहिला. आता काय करावं हे त्याला सुचेना, म्हणून तो वाकून त्यांच्या पाया पडला.

“आजी, माफ करा. लय मोठी चूक झाली. पन आमाले तर खुशालरावनं सांगतलं होतं. तुमच्या टायमाचे मेकॅनिक, जुन्या शहरात राहतात ते.”

खुशालराव! केबल जोडताना शिट्टी वाजवणारा, काटकुळा खुशाल. तो असा कसा सांगेल? नितेशनं लगेच त्यांना फोन लावला, आवाज मोठा ठेवला.

“काका, थे रमाबाई असनारे. तुमी मले म्हनलं होतं ना, दोन हजार अकरामंदी गेल्या म्हनून?”

“हो, गेल्या ना,” पलीकडून म्हातारा आवाज आला. “भावाकडे गेल्या. अमरावतीले.”

“काका! मी त्याइले कैलासवासी केलं ना!”

“आता तुले अक्कल नसंन त मी काय करू? मी म्हनलो रमाबाई गेल्या. मेल्या कुठं म्हनलो!”

दुकानातला पोऱ्या तोंड फिरवून हसला. रमाबाईंनाही हसू आलं, बऱ्याच दिवसांनी. त्यांनी फोन हातात घेतला. “खुशालराव, मी रमा.”

“अवो माय! बऱ्या हा ना?”

“बरी आहे. तुम्ही?”

“आमी काय, गुडघे गेले.” इतक्या वर्षांचं काय आणि कुठून सांगायचं, ते दोघांनाही सापडेना. “या कधी घरी,” तो म्हणाला. “हो, येईन,” त्या म्हणाल्या, आणि फोन नितेशकडे परत दिला.

नितेशला आता काहीतरी चांगलं दाखवायची घाई झाली होती. “आजी, कार्यक्रम मात्र आमी मस्त केला होता. व्हिडिओ हाय माह्यापाशी. पायता?”

स्वतःच्या मागं काय झालं ते पाहायला कुणाला मिळतं! रमाबाईंनी चष्मा पुसला.

फुटपाथवर मांडव होता. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, अर्ध्याअधिक रिकाम्या. कुणी पुढारी आले, त्यांनी फीत कापली. एका प्राध्यापकांनी भाषण केलं. रमाबाई शिस्तीच्या होत्या, त्यागी होत्या, सेवाव्रती होत्या असं ते म्हणाले. त्या प्राध्यापकांना या ओळखत नव्हत्या. रमाबाईंनी ते असं ऐकलं जसं शेजारच्या लग्नातलं मंगलाष्टक ऐकावं. मग निवेदक म्हणाला, आता धामणगाव रेल्वेहून आलेल्या आशाबाई दोन शब्द बोलतील.

रमाबाई पुढं सरकल्या.

ठेंगणी, सावळी, जाडजूड बाई माइकपाशी आली. एका तरुण मुलीनं तिचा दंड धरला होता. ही आशा? रमाबाईंच्या मनातली आशा उंच होती, शेलाटी होती, तिची वेणी कमरेखाली जायची. असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आवाजावरून त्यांनीच तशी केली होती. धामणगावच्या छोट्या केंद्रात ही बसायची आणि अकोल्याच्या बोर्डावर या. कापसाच्या हंगामात दोन्ही गावांमध्ये दिवसभर फोन चालायचे. फोन जोडायचा, तीन मिनिटं थांबायचं, तोडायचा. आणि मधल्या रिकाम्या दुपारी, बोर्ड शांत असताना, “काय जेवलीस?” पासून सुरू व्हायचं ते कुठंही जायचं. पुढं यंत्रं आली, लोक स्वतःच नंबर फिरवू लागले. रमाबाईंना तक्रारींच्या टेबलावर बसवलं, आशाबाईंची बदली यवतमाळकडे झाली, आणि ते बोलणं जे थांबलं ते थांबलंच.

व्हिडिओत आशाबाई माइक दोन्ही हातांनी धरून बोलत होती.

“मी धामनगावले होती, रमा अकोल्याले. आमी एकमेकीले कधी पायलं नाही. थे मले धामनगाव म्हने, मी तिले अकोला म्हनो. माह्या पोराले गोवर निंगाला तवा घरी कोनी नव्हतं. तिनं अकोल्याचा डॉक्टर लाइनवर आनून देला, अन् मी रडून राहिली त मले म्हने, रडू नोको, आधी डॉक्टर काय म्हनते ते ऐक.” ती थांबली. मुलीनं तिच्या कानाशी काहीतरी म्हटलं, पण तिनं हातानं तिला बाजूला केलं. “आता घरी बम मानसं हायत, घर भरलं हाय. पन मले कोनी बोल म्हनत नाही. थे म्हने. लाइन घेतली का म्हने, बोल धामनगाव. आता थे गेली.”

ती पदर डोळ्यांना लावून खाली बसली, आणि निवेदकानं चहाची सूचना केली.

रमाबाईंनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा त्या नुसतं ऐकत होत्या, डोळे मिटून. डोळे मिटल्यावर उंच, शेलाटी आशा परत आली. आवाज घोगरा झाला होता, पण तीच.

“मी त्याइले आत्ताच फोन करून सांगतो,” नितेश म्हणाला.

“नको. मी सांगते. नंबर तेवढा द्या.”

*

दुसऱ्या दिवशी अंघोळ, देवपूजा आटोपून त्या फोनपाशी बसल्या. काय म्हणायचं ते ठरलेलं होतं. ‘हॅलो धामणगाव, अकोला बोलतेय.’ बस, एवढंच. पुढचं ती बोलेल.

फोन एका मुलीनं उचलला. आशाबाईंची नात, दामिनी. व्हिडिओत दंड धरून उभी होती ती. रमाबाईंनी सगळं सांगितलं, तेव्हा तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि मग मोठ्यानं हसली.

“आजीले काय आनंद होईन, मॅडम! पन तिले फोनवर ऐकू येत नाही. फोनवर काय, तसंही येत नाही आता. कानाची मशीन आनली त लावतच नाही, खरखर होते म्हनते. तुमी याच ना घरी.”

रमाबाईंनी फोन ठेवला आणि कपाटातल्या साड्या पाहू लागल्या. हे त्यांनी धरलंच नव्हतं, की तिला भेटायला तोंड घेऊन जावं लागेल.

मध्ये नितेशचा फोन आला. पाटी दुरुस्त झाली होती. ‘कै.’ घासून काढलं होतं, २०११ सुद्धा. फोटो त्यानं पाठवला. दगडावर दोन ठिकाणी पांढरट खरवडलेलं दिसत होतं, आणि १९४२ पुढचा ‘ते’ तसाच राहून गेला होता. रमाबाई त्याला, चांगलं झालं, म्हणाल्या. आकांक्षाकडून त्यांनी तो फोटो मोठा छापून आणवला, आशाला दाखवायला.

चांदूर रेल्वेवरून बस धामणगावला पोचली तेव्हा ऊन छान पडलं होतं. बाजाराकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. दामिनी स्कुटीवर घ्यायला आली होती. घर मोठं, माणसांचं होतं. सुना, नातवंडं, अंगणात पसरलेली तूर, कुणाची तरी टीव्हीवर चाललेली मालिका. या सगळ्याच्या मध्ये उन्हात टाकलेल्या बाजेवर आशाबाई शेंगा सोलत बसली होती.

दामिनी तिच्या उजव्या कानाशी वाकून ओरडली, “आजी! अकोल्याच्या रमाबाई आल्या!”

आशाबाईनं मान वर केली. “रमा त गेली ना, बाप्पा.”

“नाही गेल्या! चुकीनं लिवलं होतं! ह्या काय, ह्याच!”

आशाबाईनं रमाबाईंकडे पाहिलं. केसांपासून चपलेपर्यंत पाहिलं. पण त्या चेहऱ्यात तिला काय दिसणार? तो तिनं कधी पाहिलाच नव्हता. जे तिनं लाखात ओळखलं असतं, ते तिच्या कानांपर्यंत पोचत नव्हतं.

“हॅलो धामणगाव,” रमाबाई म्हणाल्या. मोठ्यानं म्हणाल्या, तशा त्या कधीच कुणाशी बोलल्या नव्हत्या; बोर्डावर तर हळू बोलायचं शिकवलेलं. टीव्हीपुढची पोरं वळून बघू लागली. “हॅलो धामणगाव, अकोला बोलतेय!”

आशाबाई त्यांच्या ओठांकडे बघत होती. ऐकू न येणारी माणसं हसतात तसं ती गोड हसली. “बसा ना. चहा घ्यान?”

दामिनीनं घरातून कानाची मशीन आणली. पाहुण्यांपुढे नाही कसं म्हणावं म्हणून आशाबाईनं ती लावू दिली. मशीन कुई करून किंचाळली. “निस्ती खरखर,” म्हणत तिनं ती उपटून दामिनीच्या हातात ठेवली.

मग रमाबाईंनी पिशवीतून फोटो काढला. बोटानं दाखवलं, बघ, इथं ‘कै.’ होतं, ते आता नाही. आशाबाईनं फोटो डोळ्यांजवळ नेला. अक्षरं तिला वाचता येत होती. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

“हे काहून खोडलं?” तिनं दामिनीला विचारलं. “म्या सोता जाऊन फुलं वाहिली तिथी. कैलासवासी लिवलं होतं, चांगलं मोठं. मानूस गेलं त त्याचं येवढंबी ठेवलं नाही का ह्याइनं? सांगजो त्या फ्लेक्सवाल्याले, होतं तसं लिव म्हना.”

“आजी, अवं…”

“राहू द्या,” रमाबाई म्हणाल्या.

दामिनीचे डोळे भरून आले होते. तिनं पुन्हा एकदा आजीच्या कानाशी तोंड नेलं, तेव्हा रमाबाईंनी तिचा हात धरला. कारण आशाबाई बोलायला लागली होती.

“तुमच्या वळखीची होती का रमा?” तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता शेंगांचं सूप दोघींच्या मध्ये सरकवलं. “लय हुशार बाई. दिसाले मोठी नाजूक असंन, आवाजच तसा. गोरी असंन. दुपारच्याला लाइन रिकामी राहे ना, तवा मले सांगे, खिडकीतून काय दिसते ते. म्हने, धामनगाव, कडुलिंबाले फुलं आले. म्हने, आज एक मानूस छत्री इसरून गेला अन् परत आला. मले वाटे मीच अकोल्याले बसली हाय.”

रमाबाई शेंगा सोलू लागल्या.

“पन घमंडी होती थोडी,” आशाबाई म्हणाली. “माह्या पोराच्या लग्नाले येतो म्हने. दोन दिवस म्या रस्त्याकडे पायलं. एकेक पाहुनी उतरे त मी मनात म्हनो, हे असंन का रमा? तोंडानं त मी वळखतच नव्हती. कोनी बोललं का कान देऊन ऐको. आली नाही. मंग फोनवर म्हने, सुट्टी नाही भेटली.” तिनं एक दाणा तोंडात टाकला. “सुट्टीचं कारन खोटं होतं. मले समजे तिच्या आवाजावरून. पन काहून नाही आली, ते नाही समजलं.”

रमाबाईंना ते माहीत होतं. लग्नाला जायची साडी काढून ठेवलेली होती. पण तिथं मांडवात शंभर बायका असतील, आशा घाईत असेल, या-बसा म्हणेल आणि पुढं जाईल, आणि मग उद्यापासून बोर्डावर तिचा आवाज ऐकताना ती घाईत असलेली अनोळखी बाई दिसेल, या भीतीनं त्या घरीच राहिल्या होत्या. हे त्यांनी आता सांगितलं. अगदी हळू, नेहमीच्या आवाजात, शेंगा सोलता सोलता, सगळं सांगितलं. दामिनी चहा आणायला आत गेली होती. आशाबाईनं ऐकलं नाही. ती रमाबाईंच्या हलत्या ओठांकडे पाहत मान डोलावत राहिली, आणि त्यांचं बोलून झाल्यावर म्हणाली, “हो ना, तसंच असते.”

चहा झाला, जेवणाचा आग्रह झाला. जेवताना आशाबाईनं विचारलं, “घरी कोन कोन हाय तुमच्या?” रमाबाईंनी एक बोट वर केलं. आशाबाई घास थांबवून त्यांच्याकडे पाहत राहिली.

“मंग येत जा ना इकडं,” ती म्हणाली. “मले बी बरं वाटते कोनी बसलं का.”

दामिनी त्यांना स्टँडवर सोडायला आली. “मॅडम, मी समजावतो तिले. लिवून दाखवतो. हप्त्याभरात तिच्या ध्यानात येईन.”

“कशाला?” रमाबाई म्हणाल्या. “रडून झालंय तिचं माझ्यासाठी. पुन्हा तो घोळ नको.” थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “सांगायचं असलं तर सांग. मी नाही म्हणत नाही.”

दामिनीनं सांगून पाहिलं असावं. एकदा आशाबाई रमाबाईंकडे फार वेळ बघत होती, डोळे बारीक करून, जसं लांबच्या गाडीचा बोर्ड वाचावा. मग तिनं शेंगांचं सूप दोघींच्या मध्ये सरकवलं.

रमाबाई आता महिन्यातून एकदा, कधी दोनदा धामणगावला जातात. ईशाननं फोनवर विचारलं, आत्या, तिथं आपलं कोण आहे? त्या म्हणाल्या, ओळखीच्या आहेत एक. आशाबाई त्यांच्यासाठी तुरीचे सोले, शेंगांतले कोवळे दाणे, काढून ठेवते, आणि त्या नाही आल्या तर दामिनीला फोन करायला लावते. दोघी उन्हात बसतात. एक बोलते, दुसरी ऐकते; आणि कधी कधी दुसरी बोलते, पण ते तिचं तिलाच ऐकू येतं. परतीच्या बसमध्ये चांदूर येईपर्यंत रमाबाई डोळे मिटून असतात. घरी पोचल्यावर दिवा लावायचा, दूध तापवायचं, आणि ज्याला सांगावं असं कुणी नसतं.

मागच्या खेपेला शेजारची एक बाई विरजण मागायला आली. बाजेवर बसलेल्या या परक्या बाईकडे पाहून तिनं खुणेनं विचारलं, कोण?

“ह्या अमरावतीच्या बाई,” आशाबाई म्हणाली. “माह्या रमाच्या वळखीच्या. लय चांगल्या हायत.”

रमाबाईंनी मान हलवली, आणि शेजारणीला बसायला बाजेवर जागा करून दिली.